कोरा रकाना

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसबाई आमंत्रण घेऊन घरी आल्या, तेव्हा मी त्यांना हात जोडले. म्हटले, "अहो, मला व्याख्यान कुठले येणार? पस्तीस वर्षे लोकांच्या ओसरीवर बसून ऐकायचे आणि लिहायचे, एवढेच मी केले." त्या हसून म्हणाल्या, "मग काय लिहिलेत तेवढेच सांगा." विषय असा त्यांनीच काढून दिला. तेव्हा आज मी आजारांविषयी बोलणार नाही, औषधांविषयीही नाही. मी नोंदवहीविषयी बोलणार आहे. विषय रुक्ष आहे, हे मला ठाऊक आहे. पण आपण साऱ्याजणी दुधाचा आणि वाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या आहोत. एका दिवसाचा खाडा मांडायचा राहिला की महिनाअखेरीस काय होते, ते आपल्याला निराळे सांगायला नको. माझ्या वहीत दुधाऐवजी माणसे होती, इतकाच फरक.

प्रथम माझ्या कामाची ओळख करून देते. मी जिल्हा परिषदेची आरोग्यसेविका होते. दीड वर्षाचे शिक्षण पुरे करून १९८६ साली नोकरीला लागले आणि २०२१ साली निवृत्त झाले. गावात आम्हाला आरोग्यसेविका कोणी म्हणत नाही, 'नर्सबाई' म्हणतात. सपाटीवर पाच हजार लोकांमागे एक आणि डोंगरी व आदिवासी भागात तीन हजारांमागे एक उपकेंद्र, असा सरकारी दंडक आहे. माझे उपकेंद्र पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्यावर होते. तीन हजार माणसे ऐकायला थोडी वाटतात. पण ती चार गावांत आणि अकरा वाड्यांत विखुरलेली, आणि मध्ये एक ओढा. आषाढात तो ओढा आपल्या मर्जीने वाट देई आणि आपल्या मर्जीने अडवी.

खांद्यावर पिशवी असे. तीत रक्तदाबाचे यंत्र, बाळाला तोलायचा झोळीचा काटा, तापमापक, रक्त तपासायची पेटी, लोहाच्या गोळ्या, कापूस, साबण आणि स्वच्छ रुमाल. घरात गेल्यावर पिशवी भुईवर टेकवायची नाही. आधी वर्तमानपत्राचा कागद पसरायचा, त्यावर पिशवी ठेवायची, वरचाच साबण काढून हात धुवायचे आणि मगच रोग्याला हात लावायचा, ही आमची शिकवण. या पिशवीचे ओझे मला कधी वाटले नाही. ओझे वाटे ते दुसऱ्या खांद्यावरच्या पिशवीचे. तीत वह्या असत.

या वह्या वाढल्या कशा, तेही ऐका. आमचे मूळ काम बाळंतपणाचे. १९७३ साली कर्तारसिंग समितीचा अहवाल आला आणि एकेका रोगाची निराळी माणसे न ठेवता एकाच सेवकाने सारी कामे पाहावीत, असे धोरण ठरले. कुटुंबनियोजन, हिवताप, लसी, सारे एकाच पिशवीत आले. १९८५ साली सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला, १९९५ साली पल्स पोलिओ आला. पुढे तिशीवरच्या माणसांचा रक्तदाब आणि साखर पाहणे आले. एकही काम वाईट नव्हते. पोलिओचेच पाहा. २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला, तेव्हा मी घरी शिरा केला होता. पण प्रत्येक कामाबरोबर एक वही आली. गरोदर मातांची, पात्र जोडप्यांची, लसींची, जन्ममृत्यूंची, तापाच्या रक्तनमुन्यांची, क्षयाच्या गोळ्यांची, पाण्याच्या नमुन्यांची, औषधांच्या साठ्याची, फिरतीची. एकदा मी साऱ्या वह्या मांडून मोजल्या, त्या अठरा भरल्या. बाई एक, वह्या अठरा.

दवाखान्यातल्या परिचारिकेलाही लिहावे लागते. पण तिथे रोगी डोळ्यांसमोर खाटेवर असतो, हाकेच्या अंतरावर डॉक्टर असतात, आणि पाळी संपली की दुसरी परिचारिका येऊन विचारू शकते. घरी जाणारी परिचारिका एकटी असते. ती उंबरठा ओलांडून गेली की त्या घरात काय पाहिले, याचा साक्षीदार तिच्या वहीखेरीज कोणी नसतो.

हा घरी जाण्याचा रिवाज तसा जुना आहे. इंग्लंडात लिव्हरपूल शहरी विल्यम रॅथबोन नावाचा एक व्यापारी होता. त्याच्या आजारी पत्नीची शुश्रूषा करायला मेरी रॉबिन्सन नावाची परिचारिका घरी ठेवली होती. पत्नी वारल्यावर त्याच्या मनात आले, की ज्यांना परिचारिका परवडत नाही त्यांनी काय करावे? १८५९ साली त्याने त्याच बाईंना गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्यासाठी नेमले. पुढे या कामी त्याने फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा सल्ला घेतला. या बाईंचे दिवा घेतलेले चित्र आपण शाळेच्या पुस्तकात पाहिले आहे. पण त्यांच्या दुसऱ्या हातात लेखणी होती, हे आपल्याला कोणी फारसे सांगत नाही. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच अधिक मेले, हे त्यांनी आकडे मांडून सरकारला दाखवले. लंडनच्या सांख्यिकी संस्थेने सभासद करून घेतलेली पहिली स्त्री त्याच. शुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी रोग्याचे निरीक्षण नेमके कसे करावे, यासाठी एक सबंध प्रकरण दिले आहे. मी शिकत असताना हे पाठ केले होते. परीक्षेत त्यावर चांगले गुणही मिळाले होते. पण ते समजले मात्र फार उशिरा, आणि त्याची किंमत दुसऱ्या बाईने भरली. ती गोष्ट सांगण्यासाठीच आज मी इथे उभी राहिले आहे.

१९९४ सालचा आषाढ होता. महिनाअखेर आली होती, अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. ओढ्यापलीकडच्या वाडीवर सहा बाया गरोदर होत्या. दोघी घरी भेटल्या, त्यांना मी नीट तपासले. चौघी भातलावणीला गेल्या होत्या. त्यांतली एक मला बांधावर भेटली. पहिलटकरीण, आठवा महिना लागलेला. मला पाहून कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, डोस्कं लय ठणकतंय." पाय चिखलात बुडालेले, सूज दिसावी कशी? मी म्हटले, "दिवसभर वाकून दुखत असेल. घरी गेलीस की जरा पड." यंत्र माझ्या पिशवीत होते. पण पाऊस होता, पाणी चढत होते, आणि मला अंधाराआधी ओढा ओलांडायचा होता.

रात्री कंदिलाशी वही घेऊन बसले. सहाजणींच्या सहा ओळी. दोघींच्या रक्तदाबाचे आकडे माझ्यापाशी होते, चौघींचे नव्हते. मागल्या महिन्यात साऱ्यांचा रक्तदाब १२०/८० च्या आसपास होता. मी चार वेळा १२०/८० लिहिले. लिहिताना माझा हात कापला नाही. हे मी मुद्दाम सांगते. आपण काही पाप करतो आहोत असे त्या वेळी वाटलेच नाही. वाटले इतकेच, की वही पुरी झाली.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात बैठक होती. आता ओढा बंद होणार, तेव्हा कोणत्या बायांना आधीच खाली आणून ठेवावे, हे ठरवायला डॉक्टर आमच्या वह्या पाहत होते. एकेका ओळीवर बोट ठेवून ते वाचत. तिच्या ओळीवर बोट आले, १२०/८० वर क्षणभर थांबले आणि खाली सरकले. मी समोरच बसले होते.

पाचव्या दिवशी पहाटे तिला झटके आले. वाडीतल्या माणसांनी तिला डोलीत घालून, छातीएवढ्या पाण्यातून खाली आणले. ती वाचली. मूल गेले.

भगिनींनो, गरोदरपणी रक्तदाब १४०/९० वर गेला, तोंडावर आणि हातापायांवर सूज आली, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती झटक्यांची पूर्वसूचना असते. हे मला त्या दिवशी बांधावर ठाऊक नव्हते असे नाही. पण तपासायला दहा मिनिटे लागतात आणि लिहायला एक क्षण, म्हणून मी लिहून मोकळी झाले.

आठ दिवस मी गप्प राहिले. मग डॉक्टरांना जाऊन खरे ते सांगितले. मला वाटले होते, ते ओरडतील, नोकरी जाईल. त्यांनी आवाज चढवला नाही. वही उघडून ती ओळ काढली आणि म्हणाले, "हा रकाना कोरा असता तर मी तुम्हाला विचारले असते, हिचा का नाही घेतला? तुम्ही आकडा लिहिलात, म्हणून मी विचारले नाही." एवढेच बोलले. पुढे मला लेखी समज मिळाली, ती रास्तच होती. पण त्या कागदातला एक शब्दही मला आज आठवत नाही. डॉक्टरांचे हे वाक्य मात्र मी विसरले नाही.

तिला मी सांगितले का, असे आपल्या मनात आले असेल. लगेच सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. वर्ष-सव्वा वर्षाने ती पुन्हा गरोदर राहिली, तेव्हा तिच्या ओसरीवर बसून सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हात पुढे करून म्हणाली, "आता बांधा पट्टा." पुढले तिचे बाळंतपण सुखरूप झाले. तिचे नाव मी आज घेत नाही. रोग्याचे नाव वहीत असते आणि ते वहीतच राहावे.

त्या दिवसापासून मी माझ्या कामाची घडी नव्याने बसवली. तीत अवघड असे काही नाही, कोणत्याही गृहिणीला सुचेल असेच आहे. पण काही तरुण परिचारिका समोर बसलेल्या दिसतात, त्यांच्यासाठी सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे, सगळ्यांना सारखाच वेळ देण्याचा हट्ट मी सोडला. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या वाडीची यादी काढायची आणि जिच्याविषयी मनात शंका आहे तिच्या नावापुढे तांबड्या पेन्सिलीने खूण करायची. रक्तदाब चढलेली, रक्त सातच्या खाली गेलेली, आधीचे बाळंतपण शस्त्रक्रियेने झालेली, जुळी असलेली. आणि बाळांपैकी अडीच किलोहून कमी वजनाचे. या घरी पाऊस असो की महिनाअखेर, जायचेच. बाकीच्यांना एखाद्या वेळी चार दिवस उशीर झाला तर चालेल, असे स्वतःशी स्पष्ट म्हणायचे. स्वयंपाकघरात दूध उतू जात असताना आपण कोथिंबीर निवडत बसत नाही, तसेच हे. वाटेचा क्रमही ठरवला. एरवी आधी तान्ही बाळे आणि ओल्या बाळंतिणी, शेवटी चिघळलेल्या जखमा आणि खोकल्याचे रोगी, म्हणजे माझ्याच हाताने रोग बाळापर्यंत जायला नको.

दुसरी गोष्ट, उंबरठा ओलांडण्याआधी लिहायचे. मोठी वही काढायची गरज नाही. ओच्यात मावेल अशी एक लहान वही मी केली. तीत तीनच गोष्टी. काय पाहिले, काय केले, पुन्हा केव्हा यायचे. दोन मिनिटांचे काम. घरातल्या बायांना आधी ते विचित्र वाटे. "बाई, चहा घ्या, लिहिणं काय पळून जातंय?" असे म्हणत. मी सांगे, "लिहिणं नाही पळत, आठवण पळते."

तिसरी गोष्ट, शब्दापेक्षा आकडा बरा. 'बाळ ठीक' या दोन शब्दांनी पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. वजन किती, दिवसातून किती वेळा पिते, दूध जोराने ओढते की तोंडात धरून झोपते, अंग गरम की गार, हे लिहावे. 'ठीक' हा शब्द मी माझ्या वहीतून काढूनच टाकला.

चौथी गोष्ट तुम्हाला आतापर्यंत कळलीच असेल. जे केले नाही, ते केले नाही असे लिहायचे, आणि का, ते पुढे लिहायचे. 'घरी नव्हती.' 'यंत्र बिघडले.' 'ओढा बंद.' अशा ओळींबद्दल मी वरिष्ठांची बोलणीही खाल्ली. पण कोरा रकाना लाजिरवाणा दिसला तरी तो प्रश्न विचारत उभा राहतो, आणि खोटा आकडा तो प्रश्न बंद करून टाकतो.

पाचवी गोष्ट, रोज संध्याकाळी घड्याळ लावून एक तास लिहायचे. लहान वहीतले मोठ्या वहीत त्याच दिवशी उतरवायचे. तासाभराने वही मिटायची, कारण थकलेल्या डोळ्यांनी लिहिलेले हमखास चुकते. महिनाभराचे साठवून एका रात्रीत उतरवणे म्हणजे महिनाभराची भांडी एकदम घासायला काढणे आहे. ती कधी स्वच्छ निघत नाहीत.

इतके करूनही काम पुरत नसे, हे मी लपवणार नाही. तेव्हा एक महिनाभर मी स्वतःच्या वेळेचीच नोंद ठेवली. चालण्यात किती तास, तपासण्यात किती, लिहिण्यात किती. कळले ते असे, की रोग्यांपाशी जितका वेळ बसते, जवळजवळ तितकाच वह्यांपाशी बसते. आणि एकाच गरोदर बाईचे नाव, वय, पतीचे नाव मी सात जागी लिहिते. तो कागद मी बैठकीत पुढे ठेवला. आधी तक्रार केली होती, तेव्हा "सगळ्यांनाच काम आहे" असे उत्तर मिळाले होते. आकडे पाहिल्यावर मात्र वरिष्ठ विचारात पडले. वरून आलेल्या वह्या त्यांना बंद करता येईनात, पण आमच्याच केंद्राने जादा सुरू केलेल्या दोन वह्या बंद झाल्या. अठराच्या सोळा झाल्या. फार मोठा विजय नव्हे. पण आठवड्यातली एक संध्याकाळ मला परत मिळाली. घरच्या असोत की बाहेरच्या, बायांनी आपल्या कामाचे तास एकदा लिहून पाहावेत. ओझे आहे असे सांगून कोणी ऐकत नाही, ते तोलून दाखवावे लागते.

२००५ नंतर आशाताई मदतीला आल्या. नवजात बाळाच्या घरी त्या ठरावीक दिवशी जातात. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर बेचाळीस दिवसांत सहा वेळा, घरी झाले असेल तर सात वेळा. या घरी जाण्यामागे आपल्या महाराष्ट्रातलेच काम आहे, हे मला अभिमानाने सांगावेसे वाटते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायांना शिकवून तयार केले. त्या घरोघर जाऊन बाळाचे वजन घेत, श्वास मोजत, अंगाची ऊब पाहत, उपचार करत आणि पाहिलेले सारे टिपून ठेवत. नवजात बाळांचे मृत्यू तिथे साठ टक्क्यांहून अधिक कमी झाले. १९९९ साली हे काम 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्यांनी नोंद ठेवली नसती तर ही बाळे वाचली हे जगाला कळले नसते, आणि मग दुसऱ्या गावांतली वाचली नसती.

एक अनुभव माझाही आहे. २०१२ साली माझे सासरे वारले आणि मी दहा दिवस रजेवर गेले. जाण्याआधीच्या शेवटच्या फेरीत एका घरी एक किलो नऊशे ग्रॅमचे बाळ होते. मी लहान वहीत लिहिले, 'वजन १९००. दूध ओढते पण लवकर थकते. पाय गारसर. आईच्या उराशी धरायला शिकवले. गुरुवारी पुन्हा पाहणे, चुकवू नये.' माझ्या जागी शेजारच्या उपकेंद्राची सेविका आली. तिला ते घर ठाऊक नव्हते, ती बाई ठाऊक नव्हती. माझी ओळ वाचून ती गुरुवारी गेली. बाळाने सकाळपासून तोंड उघडले नव्हते. तिने ते आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरायला लावले, वरून लुगड्याने गुंडाळले आणि गाडी मागवून तसेच दवाखान्यात नेले. ते पोर आता शाळेत जाते. मी त्या दिवशी तेरा मैलांवर सुतकात बसले होते. माझ्या जागी माझी ओळ गेली.

पुढे कागदाबरोबर टॅब आला. वाटले, आता एकदा लिहिले की झाले. झाले असे, की कागदावर लिहायचे ते लिहायचेच आणि टॅबवरही भरायचे. वाडीवर लहर मिळाली नाही तर रात्री घरी येऊन भरायचे. यंत्राला मी दोष देत नाही. कोणत्या बाळाची लस राहिली, याची यादी ते क्षणात काढून देई, आणि ती यादी काढण्यात पूर्वी माझा सबंध दिवस जाई. पण त्यात काही रकाने असे होते, की भरल्याशिवाय पुढचे पान उघडतच नसे. एका रात्री नव्याने लागलेल्या एका मुलीचा फोन आला. "बाई, रक्तदाब घ्यायचा राहिला आणि हे पुढे सरकत नाही. नेहमीचा टाकून देऊ का?" मैत्रिणींनो, मला तो कंदील आणि तो १९९४ चा पाऊस दिसला. मी तिला म्हटले, "टाकू नकोस. आहे तिथे थांब. कागदावर 'घेतला नाही' असे लिही आणि सकाळी आधी तिच्या घरी जा." ती गेली. रक्तदाब १५०/१०० निघाला. बाईला वेळेवर खाली आणले. पुढच्या बैठकीत आम्ही दोघींनी उभे राहून सांगितले, की यंत्रात 'घेतला नाही' असे लिहायला जागा हवी. बैठकीच्या वृत्तांतात ते लिहून घेतले गेले. ती जागा झालेली पाहण्याआधी मी निवृत्त झाले. पण मागणी कागदावर आहे.

आता आपल्या मंडळाकडे वळते. आपण म्हणाल, हे सारे परिचारिकांचे झाले, आम्ही काय करायचे? २०२० साली 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत मी घरोघर हिंडत होते. कितीतरी घरांत बायांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर सासऱ्यांचा ताप आणि प्राणवायूचा आकडा रोजच्या रोज लिहिलेला असे. दुधाच्या खाड्याशेजारीच. कोणी शिकवले नव्हते. एका घरी त्या आकड्यांवरूनच मला कळले, की म्हातारबाबा तीन दिवस हळूहळू उतरत चालले आहेत. ते स्वतः म्हणत होते, "मला काही झालं नाही." तेव्हा नोंद ठेवणे आपल्या हाडातच आहे.

म्हणून तीन विनंत्या करते. एक, घरात आजारी, वृद्ध किंवा गरोदर माणूस असेल तर त्याची एक स्वतंत्र वही करा. औषध कोणते, केव्हा दिले, आकडा काय आला, आणि दिले नसेल तर 'दिले नाही'. डॉक्टरांपुढे जाताना ती वही बरोबर न्या. दोन, परिचारिका घरी आली आणि तिने काही तपासले, तर "किती आले?" असे विचारा आणि माता-बालकाच्या कार्डावर तो आकडा लिहिला का ते पाहा. विचारलेले मला कधी वावगे वाटले नाही. त्या दिवशी बांधावर कोणी "बाई, पट्टा नाही बांधला?" असे विचारले असते, तर मी बांधला असता. तीन, लसीकरणाच्या दिवशी आपल्या भागात तिला एक टेबल आणि एक खुर्ची द्या, आणि मुलांना ओळीने बसवायला मंडळाची एखादी बाई पाठवा. गर्दीत, उभ्याने, मांडीवर वही ठेवून लिहिलेली नोंद चुकते, आणि चुकलेल्या नोंदीतले मूल लसीवाचून राहते. टेबल-खुर्चीला पैसा लागत नाही. या सभागृहातल्याच दोन खुर्च्या पुरतील.

माझ्या त्या ओच्यातल्या लहान वह्या अजून पेटीत आहेत. निवृत्तीच्या दिवशी मोठ्या वह्या मी पुढच्या सेविकेच्या हवाली केल्या. तिने पाने चाळली आणि एका जागी थांबून विचारले, "बाई, इथे रकाना कोरा का?" मी तिला म्हटले, "पुढची ओळ वाच." तिने वाचली, आणि दुसऱ्या दिवशी ती त्या घरी जाऊन आली.